विस्मरणाच्या आधीची नऊ वर्षे: मस्तिष्कस्तंभातील आरंभीच्या बदलांचे एक प्रकरण

ज्या बाईंचे प्रकरण येथे मांडत आहे त्या कोणी एक व्यक्ती नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये जे चित्र पुन्हा पुन्हा समोर येते, त्यातले तपशील एकत्र गुंफून आणि ओळख पटेल असे सारे वगळून हे प्रकरण बांधले आहे. अल्झायमरची कहाणी बहुधा हरवलेल्या किल्लीपासून किंवा विसरलेल्या नावापासून सांगितली जाते. या बाईंची कहाणी तेथून सुरू केली तर तिचा निम्मा भाग हातातून निसटतो, आणि निसटलेला तो भाग मेंदूच्या अशा एका जागेशी जोडलेला असण्याची दाट शक्यता आहे जिच्याकडे निदानाच्या वेळी कोणी पाहत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

बाई ६७ व्या वर्षी पहिल्यांदा तपासणीसाठी आल्या. सोबत पती आणि कन्या होती. तक्रार पतींनी सांगितली: एकच देयक दोनदा भरले गेले, भाचीच्या लग्नाची तारीख तीन वेळा सांगूनही राहिली नाही, आणि बोलता बोलता नेमका शब्द सापडेनासा झाला. हे सारे गेल्या दीड वर्षातले. त्याआधी काही होते का, असे विचारल्यावर पतींनी ठामपणे ‘नाही’ म्हटले. कन्या मात्र थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “डॉक्टर, आईची झोप त्याच्या कितीतरी आधी गेली होती. पण ते यात धरायचे का, मला ठाऊक नाही.”

ते यात धरायचे की नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

बाईंनी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले होते. त्यांना रोज रात्री चार ओळींची नोंद लिहिण्याची सवय होती आणि कन्येने पुढच्या भेटीत त्या वह्या आणल्या. ५७ व्या वर्षाच्या वहीत पहाटे तीनच्या सुमारास जाग येण्याचे उल्लेख सुरू होतात. आधी आठवड्यातून एकदा, वर्षभराने जवळजवळ रोज. त्याच सुमारास दिवसा कारणाशिवाय छातीत धडधड होणे, घराबाहेर पडण्यापूर्वी अस्वस्थ वाटणे आणि संध्याकाळी चिडचिड होणे या गोष्टी दिसू लागतात. ५८ व्या वर्षीची एक नोंद मी अनेकदा वाचली. तीत त्यांनी लिहिले होते की मजकूर वाचताना चूक नजरेतून सुटत नाही, पण मध्येच कोणी हाक मारली किंवा फोन वाजला, की नजर पुन्हा त्याच ओळीवर येऊनही मन तेथे येत नाही आणि सबंध परिच्छेद नव्याने वाचावा लागतो. त्यानंतर त्या ओळीखाली पट्टी धरून काम करू लागल्या. ६१ व्या वर्षी, अजून काम हातात असताना, त्यांनी ते आपणहून थांबवले. स्मरणशक्तीची एकही तक्रार तोवर वहीत नाही. उलट, जुन्या पुस्तकांतले पृष्ठक्रमांक त्या न बघता लिहीत होत्या.

या काळात त्यांनी दोन ठिकाणी उपचार घेतले. पहिल्या ठिकाणी लक्षणांचा संबंध रजोनिवृत्तीशी लावला गेला, दुसऱ्या ठिकाणी चिंताविकार असे निदान होऊन बेन्झोडायझेपिन गटातील, म्हणजे मन शांत करून झोप आणणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या आणि त्या सहा वर्षे चालल्या. थायरॉइडची तपासणी झाली, ती निर्दोष होती. झोपेत श्वास अडखळतो का, हे कोणी पाहिले नाही. यात दोष काढण्याचा हेतू नाही. त्या वयात त्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक व्यक्तींच्या बाबतीत तीच निदाने बरोबर ठरतात आणि त्या वेळी मी त्यांच्या जागी असतो तर मीही वेगळे काही लिहिले असते असे वाटत नाही. फक्त त्या गोळ्या इतकी वर्षे चालायला नको होत्या.

तपासणीत आढळले ते असे. पाच शब्द ऐकवून काही मिनिटांनी विचारले असता त्यांना एकच आठवला, आणि ‘तो एक रंग होता’, ‘ते एक फळ होते’ असा दुवा देऊनही बाकीचे परत आले नाहीत. दुव्याने शब्द परत येत असेल तर दोष तो शोधून काढण्यात असतो. दुव्यानेही येत नसेल तर तो मुळात साठवलाच गेला नाही असे मानावे लागते, आणि हा हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाच्या, बिघाडाचा नमुना आहे. चालणे, हालचाली आणि वास घेण्याची क्षमता ठीक होती. स्वप्न पाहताना हातपाय झाडणे किंवा ओरडणे असे काही होते का, हे पतींना मुद्दाम विचारले, कारण तसे असते तर पार्किन्सन आणि लुई पिंडांच्या (चेतापेशींत साठणाऱ्या प्रथिनाच्या गोळ्यांच्या) आजारांकडे वळावे लागले असते. तसे नव्हते. एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस वयाच्या मानाने आक्रसलेले दिसले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात अमिलॉइड बीटा ४२ चे प्रमाण कमी आणि फॉस्फोरिलेटेड टाऊचे जास्त निघाले. मेंदूत साठणाऱ्या या दोन प्रथिनांचा असा मेळ अल्झायमरकडे बोट दाखवतो. अल्झायमरमुळे आलेली सौम्य बोधात्मक दुर्बलता, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची पायरी, असे निदान झाले. तीन वर्षांत त्याचे स्मृतिभ्रंशात रूपांतर झाले. ७५ व्या वर्षी फुप्फुसाच्या संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी हयातीत व्यक्त केलेल्या इच्छेनुसार कुटुंबाने मेंदू तपासणीसाठी दिला.

निळा ठिपका

शवविच्छेदनात मेंदूचे वजन कमी भरले आणि कपाळामागचा व कानशिलांकडचा भाग आक्रसलेला होता. हे अपेक्षितच होते. पण या प्रकरणात ज्यासाठी थांबायला हवे ते पुढच्या दोन छेदांत होते. मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजेच ब्रेनस्टेमचा, वरचा भाग आडवा कापला की मध्यमस्तिष्कात दोन काळे पट्टे दिसतात. त्यांना सबस्टँशिया नायग्रा म्हणतात. त्याच्या खाली, पॉन्स या मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागाच्या पाठच्या बाजूस, चौथ्या पोकळीच्या तळाशी दोन्हीकडे एकेक लहान निळसर-काळा ठिपका असतो. तो लोकस सेरुलियस, आणि त्या लॅटिन नावाचा अर्थही निळी जागा असाच आहे. या बाईंच्या मेंदूत वरचे काळे पट्टे जसेच्या तसे गडद होते, तर खालचे दोन्ही ठिपके इतके फिके पडले होते की ते कोठे असायला हवेत हे आधी ठाऊक असल्याशिवाय सापडले नसते. पार्किन्सनच्या आजारात सहसा दोन्ही जागा फिक्या पडतात. काळा पट्टा शाबूत आणि निळा ठिपका पुसट, हे दृश्य पुढच्या टप्प्यातील अल्झायमरमध्ये नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते.

हा ठिपका किती लहान आहे हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे महत्त्व कळत नाही. त्याची लांबी साधारण दीड सेंटीमीटर आणि जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंच्या मिळून त्याच्या चेतापेशी काही दहा हजारांत मोजता येतात, आणि सबंध मेंदूत तर त्या कित्येक अब्ज असतात. तरीही मेंदूच्या बाह्यकाला, म्हणजे बाहेरच्या थराला, तसेच हिप्पोकॅम्पसला, अनुमस्तिष्काला (मागच्या लहान मेंदूला) आणि मज्जारज्जूला मिळणारे बहुतांश नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे मेंदूला सावध ठेवणारे संदेशद्रव्य, या मूठभर पेशींकडून येते. या पेशींत नॉरॲड्रेनॅलिन असते हे १९६४ मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्स या स्वीडिश संशोधकांनी दाखवले. जागेपणी या पेशी सतत स्पंदत असतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्नावस्थेच्या झोपेत जवळजवळ पूर्ण शांत होतात. अचानक काही घडले, की त्यांच्याकडून एक जोरकस लहर उठते आणि मेंदूचे लक्ष हातातल्या कामावरून त्या घटनेकडे वळते.

येथे पट्टी धरून वाचणाऱ्या मुद्रितशोधक बाई पुन्हा डोळ्यांसमोर येतात. जाग आणि झोप यांची सीमा, भीतीच्या वेळची धडधड, आणि व्यत्ययानंतर लक्ष पुन्हा जागेवर आणणे ही तिन्ही कामे ज्या यंत्रणेत गुंतलेली आहेत, त्याच यंत्रणेतील बिघाडाच्या नोंदी त्यांच्या वहीत ५७ आणि ५८ व्या वर्षांत एकाच वेळी दिसतात. त्यांच्या बाबतीत हा संबंध सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, कारण त्या वयातला त्यांचा मेंदू कोणी पाहिलेला नाही. परंतु हा मेळ इतका नेमका आहे की तो योगायोग मानणे मला कठीण जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र आणखी स्पष्ट झाले. लोकस सेरुलियसमधील उरलेल्या पेशींत टाऊ प्रथिनाचे दाट गुंते होते आणि काही ठिकाणी पेशी मरून गेल्यावर मागे राहिलेले रंगद्रव्याचे कण विखुरलेले होते. ठिपक्याच्या वरच्या आणि मधल्या भागातील हानी मोठी होती, तर खालचा भाग त्या मानाने बरा होता. यालाही अर्थ आहे, कारण वरच्या भागातून निघणारे तंतू मुख्यतः बाह्यकाकडे आणि हिप्पोकॅम्पसकडे जातात, तर खालच्या भागातून निघणारे अनुमस्तिष्काकडे व मज्जारज्जूकडे. मध्यमस्तिष्कातील पृष्ठीय राफे केंद्रक, जे सेरोटोनिनचे मोठे उगमस्थान आहे, त्यातही टाऊ होता. बाह्यकातील गुंत्यांचा प्रसार ब्राक यांच्या सहा टप्प्यांच्या वर्गवारीत पाचव्या टप्प्याचा होता.

क्रमाचा प्रश्न

हायको ब्राक आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये टाऊच्या प्रसाराचे जे सहा टप्पे मांडले, त्यांत सुरुवात कानशिलाच्या आतल्या बाजूच्या ट्रान्सएन्टोरायनल भागातून होते. अनेक वर्षे सर्वांनी तेच आरंभस्थान मानले. पुढे २००९ मध्ये ली ग्रिनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पृष्ठीय राफे केंद्रकातील टाऊचे बदल त्या भागाच्याही आधी दिसू शकतात. २०११ मध्ये ब्राक आणि सहकाऱ्यांनी १ ते १०० वर्षे वयाच्या २,३३२ व्यक्तींच्या मेंदूंची पाहणी प्रसिद्ध केली. तीत फक्त १० मेंदू असे निघाले ज्यांत पेशींच्या आत विकृत टाऊ कोठेच नव्हते, आणि बाह्यक स्वच्छ असतानाही लोकस सेरुलियसमध्ये टाऊ असलेली उदाहरणे तरुण वयातही सापडली. हा शोध इतका अनपेक्षित होता की टप्प्यांच्या आधी आणखी टप्पे जोडावे लागले.

अमिलॉइडचा प्रवास मात्र नेमका उलटा होतो. त्याच्या गाठी आधी बाह्यकात दिसतात, मग खोलवरच्या भागांत उतरतात आणि मस्तिष्कस्तंभात पोहोचतात त्या बऱ्याच उशिरा. म्हणजे एकाच आजाराची दोन प्रथिने परस्परविरुद्ध टोकांकडून वाटचाल करतात. बाईंच्या मस्तिष्कस्तंभात अमिलॉइड तुरळकच होते, टाऊ मात्र जुने आणि भरपूर. निव्वळ अमिलॉइडच्या आधारे आजाराची सुरुवात मोजणाऱ्याला म्हणूनच या ठिपक्यातली घडामोड दिसतच नाही.

याच पेशी आधी का बळी पडतात, याचे पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही, पण काही कारणे पटण्याजोगी आहेत. या पेशींचे तंतू फार लांब आणि असंख्य फाटे फुटलेले असतात, त्यांच्यावर मायलिनचे आवरण नसते किंवा फार पातळ असते, आणि त्या न थांबता स्पंदत राहतात. त्यामुळे त्यांचा ऊर्जेचा खर्च आणि ऑक्सिडीकरणाचा ताण मोठा असतो. शिवाय नॉरॲड्रेनॅलिन तयार करताना उपउत्पादन म्हणून न्यूरोमेलॅनिन साठत जाते, ज्यामुळे या जागेला तिचा निळसर रंग मिळतो. नॉरॲड्रेनॅलिन मायक्रोग्लियांचा, म्हणजे मेंदूतील रक्षक पेशींचा, दाह आवरते. त्यामुळे या पेशी दुर्बल झाल्या की हानी त्यांच्यापुरती थांबत नाही, तिची झळ दूरच्या बाह्यकालाही लागते.

पेशी मरण्याआधी त्यांचे काम बिघडते, हाही मुद्दा या प्रकरणात महत्त्वाचा आहे. मृत्यूनंतरच्या मेंदूंवरील काटेकोर मोजणीत असे दिसले आहे की ब्राक यांच्या आरंभीच्या टप्प्यांपासूनच लोकस सेरुलियसचा आकार घटत जातो, आणि पेशींची संख्या ठळकपणे कमी होते ती त्यानंतरच्या टप्प्यांत. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील मेंदूसंग्रहावर आधारित २०१८ च्या एका अभ्यासात, बोधशक्ती शाबूत असलेल्या आणि बाह्यकात अगदी आरंभीचेच बदल असलेल्या व्यक्तींमध्येही अस्वस्थता, चिंता, खिन्नता, भुकेतील बदल आणि झोपेच्या तक्रारी अधिक आढळल्या. हे वाचताना बाईंच्या वहीतली पाने आपोआप आठवतात.

उलट वाट का चालता येत नाही

येथे मला स्वतःलाच आवर घालावा लागतो. ज्यांना अल्झायमर झाला त्यांच्यात आधी झोप बिघडली, हे म्हणणे वेगळे. ज्यांची झोप बिघडली त्यांना अल्झायमर होणार, हे म्हणणे पूर्णपणे वेगळे आणि चुकीचे. २,३३२ मेंदूंपैकी अवघ्या १० मध्ये टाऊ नसणे याचा अर्थ असाही होतो की हा बदल असूनही असंख्य माणसे शाबूत स्मरणाने आयुष्य पूर्ण करतात. ठिपक्यातील टाऊ तेथून तंतूंच्या वाटेने पुढे सरकते की निरनिराळ्या दुर्बल पेशींत ते आपापल्या वेळी साठते, यावरही संशोधकांत मतभेद आहेत. शिवाय पन्नाशी-साठीत झोप बिघडण्याची कारणे शेकड्याने आहेत आणि त्यांतली बहुतेक या आजाराशी संबंध नसलेली आहेत.

मग ५८ व्या वर्षी हा ठिपका तपासता आला असता का? नेहमीच्या एमआरआयमध्ये तो वेगळा दिसत नाही. न्यूरोमेलॅनिन उजळवून दाखवणारी एक खास एमआरआय पद्धत गेल्या सुमारे दोन दशकांत विकसित झाली असून २०२१ मध्ये हायडी जेकब्स आणि सहकाऱ्यांनी हयात व्यक्तींमध्ये दाखवले की या जागेचा उजळपणा कमी असेल तर कानशिलाच्या आतल्या बाजूच्या एन्टोरायनल भागात टाऊ अधिक असते. परंतु एका व्यक्तीच्या निदानासाठी कोठवर ठीक आणि कोठून आजार, अशी सर्वमान्य सीमारेषा आखली गेलेली नाही. टाऊ दाखवणारी पेट तपासणीही येथे उपयोगाची नाही, कारण तिच्यासाठी शरीरात टोचलेले खूणद्रव्य न्यूरोमेलॅनिनलाच चिकटते आणि दिसणारी चमक फसवी ठरते. त्यामुळे बाईंना त्या वर्षी कोणीही ‘तुमच्यात अल्झायमर सुरू झाला आहे’ असे प्रामाणिकपणे सांगू शकले नसते.

तरीही काही गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या, आणि त्या करायला हव्या होत्या असे माझे स्पष्ट मत आहे. झोपेतील श्वासाची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. गोळ्या काही आठवड्यांपुरत्या देऊन निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती वापरता आली असती. साठीनंतर झोपेसाठी म्हणून वर्षभर घेतलेले ॲलर्जीचे औषध, जे ॲसिटिलकोलीन या मेंदूतील संदेशद्रव्याचे काम अडवते आणि स्मरणावर ताण आणते, ते टाळता आले असते. आणि पट्टी धरून वाचावे लागते ही तक्रार ‘वयानुसार’ या शब्दाखाली न ढकलता तारखेसह नोंदवून लक्षशक्तीची एक चाचणी घेतली असती, तर पुढच्या प्रत्येक वर्षी तुलनेसाठी हातात काहीतरी राहिले असते. यांतल्या कशानेही आजार टळला असता असा दावा मी करत नाही. पण ६७ व्या वर्षी झालेले निदान दोन-तीन वर्षे आधी झाले असते, आणि त्यांचे व्यवहार, इच्छापत्र व कामाचे निर्णय त्यांच्या स्वतःच्या तोंडून झाले असते, ही शक्यता खरी आहे.

या यंत्रणेला औषधाने आधार देता येईल का, याचे प्रयत्नही झाले आहेत. अवधानदोषासाठी वापरले जाणारे ॲटोमोक्सेटिन नॉरॲड्रेनॅलिनचे प्रमाण वाढवते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात सौम्य बोधात्मक दुर्बलता असलेल्या ३९ व्यक्तींवर त्याची चाचणी झाली. औषध सोसले आणि कण्यातील द्रवातील टाऊची पातळी घटली, पण स्मरण किंवा दैनंदिन कार्यक्षमता यांत सुधारणा दिसली नाही. चाचणी लहान आणि अल्पकाळाची होती. तिच्या आधारे आज कोणाला हे औषध लिहून द्यावे असे नाही.

शवविच्छेदनाचा अहवाल समजावून घ्यायला कन्या एकटीच आली. ती ४६ वर्षांची होती. दोन ठिपक्यांचे छायाचित्र तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मलाही गेले वर्षभर पहाटे जाग येते. माझ्यात हे सुरू झाले आहे का?” तिला मी खरे तेच सांगितले. तिच्या वयाच्या बहुतेकांच्या या ठिपक्यात सूक्ष्मदर्शकाला थोडेफार टाऊ सापडेल, माझ्याही सापडेल, आणि तेवढ्यावरून पुढचे काहीच सांगता येत नाही. पहाटेच्या जागेचे कारण मात्र शोधता येते. घोरणे, दिवसाची पेंग, रक्तदाब आणि घेत असलेली औषधे यांची माहिती घेऊन तिला झोपेच्या तपासणीसाठी पाठवले. जाताना तिने आईच्या वह्या परत मागितल्या. त्यांतल्या ५७ व्या वर्षापासूनच्या नोंदींची, तारखांसह, एक प्रत तिच्या परवानगीने प्रकरणाच्या कागदांत सर्वांत वर लावली आहे.